खालचा सूर सांभाळणारे याकूबभाई

त्या सकाळी मी कळंबच्या जत्रेच्या मैदानावर बांबू पुरत होतो. नव्वदच्या आगेमागे, थंडीचे दिवस होते. माझी लाऊडस्पीकरची सर्व्हिस नवी होती आणि कोऱ्हाळे बुद्रुकच्या बाहेर मिळालेले ते माझे पहिलेच मोठे काम होते. संध्याकाळी बारामतीचा ऑर्केस्ट्रा व्हायचा होता. स्टेजच्या दोन्ही अंगांना स्पीकरचे खोके उभे करून मी वायरी जोडत होतो. तेवढ्यात इंदापूरकडून आलेल्या एस. टी.तून एक उंच, सडपातळ गृहस्थ उतरले. अंगात पांढरा सदरा-पायजमा, खांद्याला गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची खोळ आणि खोळीत लांबट वाद्य. ऑर्केस्ट्राची बाकीची मंडळी दुपारनंतर येणार होती. हे एकटेच एवढ्या लवकर कसे, असे मला वाटले.

आल्या आल्या स्टेजलगतच्या भिंतीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "ह्या भिंतीमागं कोण राहतं?"

"असंल कुणीतरी. मी बी परगावचाच हाय," मी म्हणालो.

"मग चला, बघून येऊ."

भिंतीमागच्या घरात एक बाळंतीण होती. तिच्या सासूशी ते दारातूनच दोन शब्द बोलले आणि परत येऊन मला म्हणाले, "ह्या अंगाचं खोकं फिरवा. गायकाचा आवाज कानाला लागतो, माझा छातीला लागतो. भिंतीतनं आरपार जातो तो."

"पण मग ह्या बाजूच्या लोकांना ऐकू कमी येईल की हो."

"त्यांनी तिकडं सरकून बसावं. बाळाला सरकता येत न्हाय."

मी खोके फिरवले. याकूबभाई पिंजारी यांच्याशी माझा परिचय झाला तो असा.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत बेस गिटार हे वाद्य पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिले ते याकूबभाईंच्याच हातात. चार जाड तारांचे हे वाद्य गाण्याच्या तळाशी वाजते. यंदा भाईंना साठावे वर्ष लागले, म्हणून त्यांच्या चाहत्यांनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि मलाही लिहायला सांगितले. माझे शिक्षण गावातल्या शाळेपुरतेच झाले आहे आणि लिहिण्याची सवय नाही. तरी उशीर झाला तो त्यामुळे नाही. भाईंनी वाजवणे सोडले आहे, आता त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घ्यावा, असे संपादकांचे पत्र होते. त्यांनी सोडले आहे ही गोष्ट माझे मन घेत नव्हते. त्याबाबत माझ्याकडूनही काही करायचे राहून गेले होते. ते झाल्यावरच लिहायला बसायचे असे मी ठरवले. आज बसलो आहे.

भाईंचे वडील खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत फिरत. लहानपणी भाई त्यांच्याबरोबर असत. धनुकलीच्या तातीवर ठोका पडला की जो घुमारा उठतो, तो ऐकत आपण वाढलो, असे ते सांगतात. "अब्बांची एकच तार व्हती. मला चार मिळाल्या. म्हंजे आमच्या घराची भरभराटच झाली म्हणा की," हा त्यांचा नेहमीचा विनोद. तरुणपणी ते इंदापुरातल्या एका बँड पार्टीत सगळ्यांत मोठा कर्णा वाजवत. पुढे गणपतीत पुण्याचा एक ऑर्केस्ट्रा इंदापूरला आला. त्यातल्या बेस गिटारचा आवाज त्यांनी ऐकला आणि त्या मंडळींबरोबर ते पुण्याला गेले. आधी सामान उचलले, मग वाद्यांच्या तारा बदलल्या, मग वाजवले. आईच्या आजारपणामुळे परत आले ते बारामतीच्या दिलीपरावांच्या ऑर्केस्ट्रात. तेव्हापासून जत्रा, उरूस, गणपती, नवरात्र, जयंत्या, कारखान्यांची स्नेहसंमेलने अशी त्यांची वर्षे गेली. पावसाळ्यात कार्यक्रम नसत. तेव्हा ते इंदापुरात घरच्या गादीच्या दुकानात बसत.

त्यांच्या वादनाबद्दल जाणकारांनी लिहावे. मी पाहिलेले तेवढे सांगतो. एका साखर कारखान्याच्या स्नेहसंमेलनात सुनंदाताई गात होत्या. त्या ऑर्केस्ट्राच्या गायिका; कळंबनंतर ऑर्केस्ट्राचे लाऊडस्पीकरचे काम माझ्याकडेच आले होते. गाण्याच्या मध्यावरच वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. ऑर्केस्ट्रात तेव्हा नुकताच कीबोर्ड आला होता. ताईंसाठी त्याची पट्टी बदलून ठेवलेली असे. वीज गेल्यामुळे ते सगळे पुसले गेले आणि कीबोर्डवाल्या संजयरावांनी घाईने बोटे ठेवली ती भलत्याच पट्टीत. ताई गांगरल्या. समोर सगळा कारखाना बसलेला. भाईंनी संजयरावांना हाताने थांबवले आणि ताईंचा मूळ सूर वाजवू लागले. तोच एक सूर, ठाय लयीत, ताईंकडे बघत, जणू गाण्यात तसे आहेच. ताईंनी डोळे मिटले, सूर पकडला आणि पुढचे कडवे उचलले. लोकांना वाटले, मुद्दामच केले असावे. टाळ्या पडल्या.

खाली उतरल्यावर संजयराव ओशाळून म्हणाले, "भाई, आज वाचवलंत."

"मी कुठं? त्या गात व्हत्या. मी नुसता दारात कंदील धरून उभा व्हतो," भाई म्हणाले आणि चहा मागवला.

माझ्यावरचे त्यांचे उपकार अनेक आहेत. त्यांतला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. बारामतीतल्या माझ्या पहिल्याच गणपतीत, कार्यक्रम सुरू व्हायच्या तोंडावर माझा ॲम्प्लिफायर जळाला. माणसे येऊन बसलेली. मंडळाचे अध्यक्ष स्टेजमागे येऊन माझ्यावर तोंडसुख घेऊ लागले, "कोऱ्हाळ्याचं हे पार्सल कुणी आणलं रं?" मी मनात महादेवाचा धावा करत होतो. भाईंनी स्वतःच्या गिटारची पिन काढली आणि त्यांचा ॲम्प्लिफायर माझ्यापुढे सरकवला. "ह्याच्यावर माईक लावा."

"आणि तुमी? तुमचा आवाज कशातनं येणार?"

"ढोलकीवाल्याला माझी बोटं दिसत्यात न्हवं? पुरे झालं."

तो सगळा कार्यक्रम त्यांनी तसाच वाजवला. प्रेक्षकांपर्यंत त्यांचा एकही सूर पोहोचला नाही. पण ढोलकीवाला त्यांच्या बोटांकडे बघत होता आणि लय कुठे ढळली नाही. शेवटी तेच अध्यक्ष मला म्हणाले, "पुढच्या साली बी तुमीच या." माझा बारामतीतला धंदा त्या संध्याकाळवर उभा आहे.

मी सोमवारचा उपवास करतो, भाई पाच वेळा नमाज पढतात. प्रवासात या गोष्टीची आम्हाला कधी अडचण झाली नाही, झाली ती ड्रायव्हरला. "एकाला खायचं न्हाय, एकाला थांबायचं हाय. मी गाडी चालवू कवा?" असे तो ओरडे. भाई त्याला म्हणत, "दोघं तुझ्यासाठीच मागतोय बाबा. ब्रेक बघितलायस का ह्या गाडीचा?"

मग दिलीपरावांनी मोठा कीबोर्ड घेतला. त्याच्यावर डाव्या हाताने बेस वाजतो. एक माणूस कमी झाला तर गाडीत जागा होते, आणि दिवस असे आले होते की ऑर्केस्ट्रे भराभर बंद पडत होते. दिलीपरावांचा दोष मी मानत नाही. भाईंना सांगताना त्यांचेच डोळे भरून आले होते. भाईंनी एवढेच विचारले, "संजयरावांना डाव्या हाताचं जमतंय का?" जमत नव्हते. मग भाई स्वतः बारामतीला जाऊन बसले. कुठल्या गाण्यात कुठे थांबायचे, कुठला सूर आधी घ्यायचा, हे सगळे त्यांनी संजयरावांना दाखवले. आपली जागा घेणाऱ्याला असे मन लावून शिकवणारे गृहस्थ मी दुसरे पाहिले नाहीत. संजयराव आजही कार्यक्रमाआधी कीबोर्डला हात लावताना त्यांचे नाव घेतात.

त्यानंतर खोळीतली गिटार इंदापूरच्या दुकानात खुंटीला लागली. जाता-येता मी थांबायचो. भाई माझे नाव घेऊन हसत म्हणायचे, "या निवृत्तीराव! आधी लोकांना जागं ठेवायचो, आता झोपवतो. धंदा एकच हाय." पण भाईंच्या पत्नी जैतूनभाभी चहा देताना एकदा हळूच म्हणाल्या, "हसत्यात तुमच्याम्होरं. रोज खोळीवरची धूळ झटकत्यात, पर खोळ उघडत न्हाईत." ते वाक्य मनात घेऊन मी गावी आलो.

आमच्या गावी महादेवाच्या देवळात दर सोमवारी भजन असते. सोपानआबा गातात, मी टाळ धरतो. आबांचा गळा अजून मोकळा आहे. पण पेटीवाले वारल्यापासून आधाराला सूर राहिला नव्हता. पहिला अभंग काळी दोनमध्ये सुरू व्हावा आणि आरतीपर्यंत सगळे मिळून कुठल्या कुठे उतरलेले असावेत, अशी गत. चढे चरण तर आबांनी गाळूनच टाकले होते. ही जागा भाईंची आहे, हे मला कळत होते. एकदा आबांकडे विषय काढला तर ते कडाडले, "देवळात वायरीचं वाजवणार? उद्या लायटिंग करून नाचायला लावा देवाला!" दुसरी भीती भाईंची होती. एवढ्या मोठ्या स्टेजवर वाजवलेल्या कलावंताला दहा म्हाताऱ्यांच्या भजनात बोलवायचे, तर ते त्यांना दया केल्यासारखे वाटेल. देवापुढे बसून पुष्कळ विचार केला आणि दर वेळी पुढे ढकलत गेलो.

गौरवग्रंथाचे पत्र आले आणि माझे मन मला खाऊ लागले. शाल, श्रीफळ, ग्रंथ सगळे होणार, आणि ज्यांच्यासाठी होणार त्यांची गिटार खुंटीलाच राहणार. दुसऱ्याच दिवशी मी आबांकडे गेलो. "एक सोमवार द्या. न्हाय पटलं तर मी टाळ खाली ठेवीन," असे सांगितले. आबांनी कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाले, "एकच." तिथून मी इंदापूरची एस. टी. धरली.

भाई गादीला टाके घालत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी सुई थांबवली नाही.

"गातंय कोण?"

"सोपानआबा."

"पट्टी कुठली?"

"ती ठरत न्हाय, म्हणूनच आलोय."

त्यांनी सुई गादीत टोचून ठेवली. "निवृत्तीराव, हे सांगायला एवढी वर्षं लावलीत व्हय?" एवढे बोलून ते उठले आणि त्यांनी खुंटीवरची खोळ काढली.

त्या सोमवारी भाई दुपारीच आले. आबांच्या घरी जाऊन त्यांनी आबांना साधे बोलायला लावले आणि तेवढ्यावरून त्यांची पट्टी ओळखली. संध्याकाळी पाय धुऊन, डोक्याला रुमाल बांधून ते सभामंडपात पखवाजाशेजारी मांडी घालून बसले. पुजाऱ्यांच्या खोलीतून मंडपभर आडवी वायर ओढून मी त्यांचा ॲम्प्लिफायर जोडला आणि आवाज अगदी बारीक ठेवला. पहिल्या अभंगाला आबांनी त्यांच्याकडे पाठच केली होती. दुसऱ्या अभंगात नेहमीच्या ठिकाणी मंडळींचा सूर उतरू लागला, पण खालून तो कुणीतरी धरून ठेवला होता. आबांच्या ते ध्यानात आले. ते मागे सरकले, आणखी मागे सरकले आणि भाईंच्या गुडघ्याला गुडघा लागल्यावर त्यांनी गाळलेला चढा चरण उचलला. तो वरपर्यंत गेला. माझ्या हातातला टाळ क्षणभर थांबला. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता.

परमेश्वराने याकूबभाईंच्या बोटांत बळ ठेवावे, जैतूनभाभींसह त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य द्यावे, आणि त्यांचा पंचाहत्तरीचा ग्रंथ निघेल तेव्हा त्यांना भजनातून उठवून आणावे लागावे, एवढेच माझे मागणे आहे.

आरती झाल्यावर आबा प्रसाद घ्यायला पुढे झाले. प्रसाद घेऊन जाताना त्या आडव्या वायरीत त्यांचा पाय अडकला. मी धावलो. मला सावरायला न देता ते म्हणाले, "दर सोमवारी काय ही पायात घ्यायची व्हय? पखवाजापाशी भिंतीतच पॉइंट काढून टाक की लेका."

काल सकाळी मी तो बसवला.