तळहातावरची नावं

शिरपूरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर अडला की दुरुस्तीवाला पोरगा येतो. आतून काय काय चालू आहे त्याची यादी उघडतो आणि पडद्याशीच बोलतो, "हे चालू राहू दे. याले जराक दम खाऊ दे. प्रिंटची सर्व्हिस अडकून राह्यली, तिले बंद करून मंग चालू करा लागते."

तसं करताना छपाईच्या रांगेत अडकलेले कागद कॉम्प्युटरमधून पुसले जातात, म्हणून त्यांवरची गिऱ्हाइकांची नावं तो आधी पेनानं तळहातावर उतरवतो.

परवा प्रिंटर सुरू झाला, तोवर मेडशी गावची एक आजी कंटाळून समोरच्या एसटीत जाऊन बसली होती. तिचा कागद नव्यानं काढून तो धावला आणि खिडक्यांखालून नावानं हाका मारू लागला.

"माहं नाव तुले कसं माईत?" आजीनं विचारलं.

त्यानं तळहात दाखवला. आजीनं तो धरला, आणि बस हलेपर्यंत काही सोडला नाही.