उजवीकडची फट

सुरतजवळ उधन्याला ललितभाईंच्या कारखान्यात हिलाल बावीस वर्षं लोखंड घासत होता. अमळनेरकडून आला तेव्हा तो कापड विणायच्या लूमचे सुटे भाग करायचा. आता अणूहून बारीक कणांना वेग देणाऱ्या यंत्राची चुंबकं बनवायचं काम आलं होतं. चुंबकाच्या वरच्या आणि खालच्या पोलमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लोखंडी तोंडांमध्ये, बोटभर फट असते. त्या फटीत ताकद सगळीकडे सारखी लागते. दहा हजारांत एकाचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. पोल हिलालने घासले होते, पण ते पास झाले की नाही हे सुषमा ठरवायची.

सुषमा दोन वर्षांपूर्वी डिप्लोमा करून आलेली. ती फटीतून ताकद मोजणारी एक बारीक काडी सरकवायची आणि संगणकावर रेषा उमटायची. रेषा दोन्ही टोकांना खाली पडली, तेव्हा तिने पोलच्या कडांना लोखंडाच्या पातळ पट्ट्या लावून घेतल्या. रेषा बरीचशी सरळ झाली. ललितभाईंनी त्याच दिवशी तिच्यासाठी नवी खुर्ची मागवली. बावीस वर्षांत हिलालला कोणी स्टूलही दिलं नव्हतं. घरी त्याने बायकोला, शोभाबाईला सांगितलं, की त्या पोरीने कधी पाना धरला नाही. शोभाबाई म्हणाली, मग तुम्ही काडी धरायला शिका. तो जेवला नाही.

उजवीकडे मात्र रेषा उतरतच राहिली. सुषमा पट्ट्या बदलत राहिली, कधी जाड, कधी रुंद. हिलालला सोमवारीच कळलं होतं. वरचा भाग बोल्टने आवळताना किंचित कलला होता आणि उजवीकडची फट केसभर मोठी राहिली होती. फट मोठी, तिथे ताकद कमी. तो बोलला नाही. तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याला बरं वाटायचं.

गुरुवारी ती स्वतःच त्याच्याकडे आली.

"काका, तुम्ही एकदा बघता का? माझं डोकं चालत नाही."

त्याने बघायचं सोंग केलं नाही. "उजवीकडची फट मोठी आहे," तो म्हणाला.

"कधी कळलं तुम्हाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. "सोमवारी."

तिने पाना त्याच्या हातात दिला. त्याने बोल्ट सैल केले, समोरासमोरचे दोन-दोन थोडेथोडे आवळले, पातळ पात्याने चारही कोपऱ्यांत फट मोजली. दुपारी रेषा सरळ आली.

ललितभाईंना सुषमाने सांगितलं, "चूक काकांनी शोधली." तीन दिवसांचं काही बोलली नाही. ललितभाईंनी सगळ्यांदेखत हिलालची पाठ थोपटली आणि तो मान खाली घालून उभा राहिला. कौतुक मिळालं, तेही तिच्या हातून. आता तिच्या चांगुलपणाचाही त्याला हेवा वाटायला लागला.

पुढचं चुंबक जोडल्यावर त्याने चार कोपऱ्यांचे आकडे कागदावर लिहिले. सुषमाने काडी बसवायच्या आधीच कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे न बघता मशीनवर परतला.