फोनमागून येणारं हसणं

त्या रविवारी मी आबांच्या हातातला रिमोट जवळजवळ हिसकावूनच घेतला. सकाळपासून ते एकामागून एक चॅनल बदलत होते, कुठेच थांबत नव्हते, आणि माझं डोकं उठलं होतं. आठवडाभर सांगलीत लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासायची आणि रविवारी पहिल्या एसटीनं गावी यायचं, ते काय हे बघायला? "आबा, एक कायतरी लावा आन बघा की निवांत," मी म्हणाले. त्यांनी मुकाट रिमोट सोडून दिला. गप्प बसण्यात माझा बाप पटाईत.

आबांचं आयुष्य गलाईच्या दुकानात गेलं. आमच्या विट्याच्या बाजूची कितीतरी गडीमाणसं हाच धंदा करतात. कुठल्याही मोठ्या शहरात जा, सराफांच्या गल्लीत एखाद्या अंधाऱ्या खोलीत आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडेल. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात टाकून त्यातली भेसळ काढायची आणि चोख सोनं सराफाला परत द्यायचं. आबा मिसरूड फुटायच्या वयात मदुराईला गेले आणि तिकडचेच होऊन बसले. वर्षातनं दोनदा यायचे, यात्रेला आणि दिवाळीला. आई मात्र इकडंच राहिली. आधी सासू-सासरे होते, मग माझी शाळा, मग ऊस. "म्हातारपनी बसू की बोलत," असं ती म्हणायची. शेजारणी नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायला लागल्या की आमच्या आईला त्यांचासुद्धा हेवा वाटायचा. भांडायला तरी माणूस घरात पाहिजे ना!

म्हातारपण आलं, पण कसं आलं? भट्टीच्या आणि तेजाबाच्या धुरानं आबांची फुफ्फुसं पार खाऊन टाकली होती. डॉक्टरांनी हात टेकले. दुकान चुलतभावाकडं देऊन आबा कायमचे घरी आले, आणि त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं गुरगुरणारं मशीन आलं. सुरुवातीला आई काय खूश होती! आजारी का असेना, माणूस घरात होता. रोज त्यांच्या आवडीचं काहीतरी करायची, ताट समोर ठेवायची आणि आता हे काहीतरी बोलतील म्हणून बघत बसायची. आबा दोन घास खायचे, "बेस झालंय" म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे.

बोललं की त्यांना दम लागायचा हे खरं. पण नुसत्या दमाचं ते नव्हतं. आमच्याशी काय बोलावं हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि आम्हाला तरी कुठं माहीत होतं? पाहुण्याला विचारावं तसं मी विचारायची, "बरं वाटतंय का?" आणि ते पाहुण्यासारखंच म्हणायचे, "व्हय व्हय, झ्याक." दुपारी झोपेत कधीकधी ते तमिळमध्ये काहीतरी मागायचे. आई दचकून उठायची. काय मागतायत ते तिला कळायचं नाही. मग ती उगीच उशी सारखी करायची, पंखा वाढवायची, पाय चेपायची. आबा तेवढ्यात परत झोपलेले असायचे.

तर त्या रविवारी रिमोट माझ्या हातात आला तेव्हा एका चॅनलवर कार्टून लागलेलं होतं. आता रोज दिवसभर जुन्या हसवणुकीच्या मालिकांचे भाग दाखवणार म्हणून खाली पाटी फिरत होती. कार्टूनमध्ये एक ढेरपोट्या संसारी गडी, त्याची खाष्ट बायको आणि गच्चीवर पाळलेलं बोलणारं बदक. दर भागात हा गडी बायकोवर रुसून पेटी उचलतो, घर सोडून निघतो, रस्ताभर फजिती करून घेतो आणि दिवेलागणीला मुकाट परत येतो. प्रत्येक विनोदाला मागून पन्नास माणसं खदाखदा हसल्याचा आवाज. मला तर वैताग आला. मी बदलणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "ह्यो असा बोलत न्हाई."

"कोण?"

"ह्यो ढेरपोट्या. ह्येचा आवाज असा न्हाई. हिंदीत घातलाय ह्येला."

घरी आल्यापासून आपणहून बोललेलं हे त्यांचं पहिलंच वाक्य असेल. मी चष्मा वर करून रिमोटवरची बटणं शोधायला लागले. एक दाबलं तर आवाजच गेला, दुसऱ्यानं भलतीच बातमी लागली. शेवटी एकदाची खाली पट्टी उमटली: हिंदी, तमिळ, तेलुगू. मी तमिळ केलं.

ढेरपोट्याचा आवाज एकदम घोगरा झाला, विडी ओढणाऱ्या माणसाचा असावा तसा. आबा हाताचा टेका घेऊन उठून बसले. नळी नाकातनं सुटायला आली होती, ती मी सारखी केली, पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते ढेरपोट्याच्या बरोबरीनं ओठ हलवत होते. मग विनोद व्हायच्या आधीच हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ठसका थांबला की परत हसू. डोळ्यांतनं पाणी. आपला बाप असा हसतो हे मला जन्मात पहिल्यांदा कळलं.

आई दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच. मला वाटलं, आता हिला आनंद होईल. पण ती वळून आत गेली. मी पाठोपाठ गेले तर तव्यावरची भाकरी करपून धूर निघत होता आणि ही नुसती बघत उभी.

"अगं भाकरी!"

"जळू दे," आई म्हणाली. "हसायचं ते तिकडं हसून आल्यात. हितं माझ्याकडं नुसतं खोकायला आल्यात."

चिडायचं कुणावर, तेच कळेना. मला आईची दया आली आणि रागही आला. इतकी वर्षं सगळं गिळलं आणि आता चुलीपाशी बोलते! "मग त्येंनाच जाऊन सांग की," मी म्हणाले. "भांड जा. तव्याला काय सांगतीयास?"

ती खरंच गेली. पिठाच्या हातानंच खाटेच्या कडेला बसली. टीव्हीकडं बोट करून फणकाऱ्यानं म्हणाली, "काय म्हनतुय त्यो?"

आबा दचकलेच. मग म्हणाले, "त्यो व्हय? त्यो म्हनतुय पेटी आज लय जड लागतीया. बदक बसलंय आत."

आई हसली नाही. "तुमाला सगळं कळतंय ते."

"दुकानात दिवसभर चालूच असायचा की टीव्ही."

"आन तुमच्याकडं बसायला येणारी मानसं?"

"कुठली मानसं?"

"तुमी सांजच्याला फोन करायचा तवा मागनं हसायची ती. लय मानसं असायची. मी म्हनायची, ह्येंच्याकडं बैठक भरलीया, कशाला आपलं रडगाणं लावायचं. म्हनून लगीच म्हनायची, ठेवू का."

मशीन गुरगुरत होतं आणि टीव्हीवर ती पन्नास माणसं पुन्हा हसली. आईनं झटकन तिकडं बघितलं. हसणं तेच होतं. इतकी वर्षं फोनमधून तिनं ऐकलेलं तेच, आणि तिनं ते ओळखलं.

"आगं, कोण येनार त्या तेजाबाच्या वासात?" आबा थांबत थांबत बोलले. प्रत्येक वाक्याला दम घेत होते. "भट्टी इझवायची. दार लावून घ्यायचं. ह्यो लावायचा आन तुला फोन करायचा. तू म्हनायचीस, ठेवू का. मला वाटायचं तुला कामं असतील, धारा काढायच्या असतील. म्हनून म्या म्हनायचं, ठेव."

"मला कुठलं काम?" आई म्हणाली. "मी फोनची वाट बघत बसलेली असायची."

मी पलीकडच्या खोलीत निघून गेले आणि तोंडावर ओढणी धरून रडले. किती संध्याकाळी गेल्या असतील अशा! ती त्यांना मोकळं करायची, ते तिला मोकळं करायचे, आणि दोघंही दोन टोकांना एकटे बसायचे. एकानं जरी कधी चिडून विचारलं असतं, की काय गं घाई आहे, किंवा कोण बसलंय तुमच्याकडं, तर? पण आमच्या घरात असलं विचारायची पद्धतच नव्हती. समोरच्याला त्रास नको म्हणून आम्ही सगळेच गप्प.

त्या दिवशी करपलेल्या भाकरीच खाल्ल्या. कार्टून संपलं की माणसांच्या जुन्या मालिका लागायच्या, त्या संपल्या की परत ढेरपोट्या. आई दर दोन मिनिटांनी विचारायची, "आता काय म्हनला?" आणि आबा सांगायचे. आम्ही त्यांना कमी बोला म्हणत होतो आणि बोलायलाही लावत होतो. मधेच आईनं विचारलं, "आवं, झोपेत तुमी तण्णी तण्णी करता, ते काय?"

"पानी," आबा म्हणाले. "पानी मागत असंन."

"पानी? आन मी पाय दाबत बसतीया!" आईनं कपाळावर हात मारला. त्यावर आबा असे हसले की मला मशीनचा काटा वाढवावा लागला.

दिवेलागणीला शेवटचा भाग लागला. ढेरपोट्या पेटी घेऊन दारात उभा, बायको कमरेवर हात ठेवून. आबा म्हणाले, "बघ, आलं बेणं घरी. रोज येतंय. लय नशीबवान." आईनं नुसतं त्यांचं पांघरूण ओढून नीट केलं.

पुढचे काही रविवार मी गेले तेव्हा दोघं अशीच बसलेली असायची, टीव्हीवर तमिळ आणि खाटेवर मराठी. आईचा आवाज जास्त, आबांचा कमी कमी होत गेलेला. मला वाटायचं, असंच चालू दे, बोलणं नाही झालं तरी चालेल, नुसतं बसू दे. पण ते जमण्यासारखं नव्हतं. शेवटच्या दिवसांत आबा शुद्धीत कमी आणि ग्लानीत जास्त असायचे. ओठ हलायचे. आई कान जवळ नेऊन ऐकायची आणि चमच्यानं पाणी घालायची. डोळे न उघडता ते गिळायचे. आता तिला विचारावं लागत नव्हतं.

ते गेल्यावर सुतकात टीव्हीवर आईची जुनी साडी टाकून ठेवली होती. तेरावा झाला, पाहुणे गेले, मशीन परत दिलं. ती गुरगुर थांबल्यावर घर खायला उठलं. मी निघायच्या आधी साडी काढली आणि आईला समजेल असं म्हणून टीव्ही हिंदीवर करायला लागले.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "त्यो असा बोलत न्हाई."

आता मी सांगलीहून रोज संध्याकाळी फोन करते. परवा कामावरून आले, पर्स खांद्यालाच होती, तसाच लावला. आईनं उचलला आणि तिच्या आवाजामागून माणसं खदाखदा हसली. घर भरलंय वाटावं इतकी. मला माहीत होतं घरात कुणी नाही. खाट आहे, टीव्ही आहे आणि आई आहे.

"दमून आली असशील," आई म्हणाली. "ठेवू का?"

"नको," मी म्हणाले. "ठेवू नको. आता काय म्हनतुय त्यो?"

आईला तमिळचं एक अक्षर येत नाही, फक्त पाण्याचा शब्द सोडून.

"त्यो व्हय?" ती म्हणाली. "त्यो म्हनतुय, पेटी आज लय जड लागतीया."