गीझरखालचं पातेलं

बायको गेली आणि आठवड्याभरात आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात पाणी साचू लागलं, म्हणून मी गीझरवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं मोजे काढून बुटांत खोचले आणि तापलेल्या पोराला लावावा तसा ओट्यावरच्या गीझरला तळवा लावून उभा राहिला.

"गच्चीतल्या पंपाचं प्रेशर जास्त आहे, काका. गीझरच्या टाकीला सोसत नाही, म्हणून व्हॉल्व्हमधून ठिबकतंय."

"आजवर कधी ठिबकलं नाही," मी ठणकावलं.

व्हॉल्व्हच्या नळीखालचं पातेलं काठोकाठ भरून वाहत होतं. त्यानं ते सिंकमध्ये ओतलं आणि आतल्या क्षारांच्या पांढऱ्या थरावरून अंगठा फिरवला.

"फार दिवसांचं आहे हे. कुणीतरी रोज ओतत होतं."

"बायको ओतत असेल," मी म्हणालो. "आता नाही ती."

त्यानं प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह बसवला आणि ठिबकणं थांबेपर्यंत बघत उभा राहिला. मग पातेलं पुसून पुन्हा नळीखाली ठेवलं.

"आता कशाला लागतंय ते?"

"लागणार नाही," तो म्हणाला. "तरी राहू द्या थोडे दिवस."

पातेलं अजून तिथंच आहे. रोज सकाळी चहा टाकण्याआधी मी त्यात डोकावतो. कोरडंच असतं.