पेटी पुढे, निरोप मागे

आमच्या पॅकहाउसमध्ये आंब्याआधी किस्से पिकतात, त्यांना पेंढ्याची अढीसुद्धा लागत नाही! रत्नागिरीतून बागांचा हापूस मुंबईला रवाना करणं, एवढंच माझं काम. पण यंदा किस्से सांगतानाही धाकधूक होते. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, मुंबईचे मेहता, म्हणालेत, "माल असाच बिघडला तर करार बंद." करार गेला की माझी नोकरीही गेली.

*

आमच्या मॅनेजर नंदिनी मॅडम म्हणाल्या, "एकाला कळलं ते सगळ्यांना कळायला हवं." लगेच सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हर सलीमभाईंनी लिहिलं, "गाडी घाटात बंद पडली." त्याच्या वरच कुणाच्या तरी भाच्याच्या साखरपुड्याचे फोटो होते. आमच्या वाशीच्या गोडाऊनमधून प्राचीनं उत्तर दिलं, "अभिनंदन!" सलीमभाईंचा फोन लागेपर्यंत माझा जीव टांगणीला!

*

हेदवीचे भाऊ आमचे जुने बागायतदार. मॅडमनी त्यांना विनवलं, "भाऊ, मोहोर कसा टिकवलात ते ग्रुपवर सांगा ना."

"सांगतो की! पण आमचा शेजारी नाय ना ग्रुपात?"

"आहेत. का?"

"मग तो शिकेल ना!"

*

प्राची चार दिवस रजेवर गेली. जाताना बदलीच्या माणसाला सगळं समजावून गेली. दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन, "गाडी आली. आता काय करू?"

"प्राचीनं सांगितलं नाही?"

"सांगितलं ना! काही अडलं तर तुम्हाला विचारायचं."

*

मग एक लॉट मऊ निघाला. मेहता तापले. मॅडम मीटिंगमध्ये एवढंच म्हणाल्या, "यातून शिका."

पुढचा लॉट पोचला तो दगड! एकही आंबा पिकेना. मॅडमनी सगळ्यांना फोनवर घेतलं.

भाऊ म्हणाले, "मऊ नको म्हणून लवकर उतरवले."

मी म्हणालो, "ऊब नको म्हणून मी पेटीतला पेंढा कमी केला."

सलीमभाई म्हणाले, "मी वाटेत जेवायलासुद्धा थांबलो नाय."

प्राची म्हणाली, "मी आल्या आल्या कोल्ड स्टोरेजमध्ये टाकले."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे सगळे शिकलात! एकमेकांना कुणी सांगितलंत?"



मॅडमनी गयावया करून मेहतांकडून एक शेवटची गाडी पाठवायची संधी मिळवली. त्यांनाही ग्रुपवर घेतलं आणि लिहिलं, "उद्या कोण काय करणार, आत्ताच सांगा."

भाऊ, "नेहमीप्रमाणे."

सलीमभाई, "नेहमीप्रमाणे."

प्राची, "नेहमीप्रमाणे."

मी टाइप करतच होतो, तेवढ्यात मेहतांचा मेसेज आला, "नेहमीप्रमाणे म्हणजे मऊ, की दगड?"