डी ड्राइव्हला काही होत नाही

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. हे मी खूप ठिकाणी सांगितलंय. मुलाखतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या माणसालाही. त्यात खोटं काही नाही. पण हल्ली ते सांगताना जीभ जरा अडखळते, आणि का अडखळते ते सरळ सांगून टाकतो.

पेणकरपाड्याच्या घरात आम्ही तिघं: आई, ताई आणि मी. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, म्हणजे थांबवलं. बाबा गेले होते आणि मी पाचवीत होतो. ती भाईंदरच्या एका गाळ्यात स्टीलच्या डब्यांचं पॅकिंग करायला लागली, आणि मी बी.एस्सी. झालो. पस्तिशीला आल्यावर तिने बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला. मी म्हणालो, "छान, टाइमपास होईल." हा शब्द माझाच. तिने ऐकून घेतला.

घरात एक जुना कॉम्प्युटर होता, नया नगरच्या दुरुस्तीवाल्याकडून घेतलेला. देताना त्याने हार्ड डिस्कचे दोन भाग करून दिले होते, सी आणि डी. म्हणाला, "विंडोज़ सी में है. सी उड़े तो उड़ने दो, फॉर्मेट मारेंगे. डी को कुछ नहीं होता." आमच्याकडे सगळे असंच करतात. हेच ज्ञान मी घरी येऊन ताईला स्वतःचं म्हणून दिलं. "महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवायचं. डी म्हणजे आतली खोली समज."

ती माझं ऐकायची. शिकलेला भाऊ सांगतोय म्हटल्यावर वहीत लिहूनसुद्धा ठेवलं असेल तिने.

मी एका कंपनीत कॉम्प्युटर सपोर्टला आहे. तिथे बहुतेकांच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स. एक सहकारी जेवताना म्हणाला, "तू काय बाबा, घरी विंडोजवर पत्ते खेळत असशील." सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागलं. येत्या रविवारीच घरच्या मशीनवर विंडोजच्या बाजूला लिनक्स टाकायचं ठरवलं.

रविवारी दुपारी आई हळदीकुंकवाला गेली होती आणि ताई राई गावाला. ताईचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. राईतल्या म्हाताऱ्या कोळणी पूर्वी मासळी घेऊन कुठून कुठवर चालत जायच्या, कुणाच्या दारात टोपली उतरवायच्या, ते ती त्यांच्याकडून ऐकून लिहीत होती. एक आजी तिला म्हणाली होती, "आमचं काय लिवतंस बाय, लिवायसारका हाय काय त्यात?" ताईने घरी येऊन अगदी तिच्यासारखं करून दाखवलं होतं. मी मोबाइलमध्ये बघत "हं" म्हटलं होतं.

लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह लावला. लिनक्ससाठी जागा हवी होती. सी मध्ये विंडोज, ते ठेवायचं होतं. म्हणजे डी. डी उघडून माझे कॉलेजचे प्रॅक्टिकल आणि चार सिनेमे दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतले. शेजारी एक फोल्डर होता, 'ताई' नावाचा. माउस त्याच्यावर गेलासुद्धा. मनात आलं, तिचं काय असणार, गणपतीचे फोटो आणि फराळाचे. फोटो मोबाइलमध्ये असतातच. उघडला नाही. फोन करून विचारलंही नाही. डी काढून टाकला, तिथे नवं पार्टिशन केलं, पुढे-पुढे दाबत गेलो. संध्याकाळी मशीन सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर दोन नावं आली, वर लिनक्स, खाली विंडोज. मला काय आनंद झाला होता!

ताई आली. पायही धुऊ दिले नाहीत तिला. "बघ, एकाच मशीनमध्ये दोन. खालचा बाण दाब, तुझं विंडोज."

"अरे वा," ती म्हणाली, आणि टेकली. "आज त्या आजीने भारी सांगितलं रे. थांब, विसरायच्या आत टाकते." तिने विंडोज उघडलं. मग दोनदा बंद करून उघडलं.

"डी कुठाय रे?"

मी म्हणालो, "का? काय होतं त्यात?"

"प्रकल्प. बेचाळीस पानं झाली होती."

बारा दिवसांवर जमा करायची तारीख होती. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी म्हणालो, "डिस्क जुनी झालीय ताई. तेवढाच भाग खराब झाला वाटतं. मीच वेळेत हात घातला."

तिने पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तू होतास म्हणून बरं. नाहीतर सगळंच गेलं असतं." आणि उठून चहा ठेवला, मला अर्धा कप जास्तच दिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मशीन रिक्षात घालून नया नगरला नेलं. दुरुस्तीवाल्याने बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"इसके ऊपर तो नया डल गया है, भाई. अब क्या निकलेगा! डी किसने उड़ाया?"

माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. सुट्टीच्या दिवशीही मी ते घालून गेलो होतो.

"सिस्टर ने," मी म्हणालो.

"अरे, लेडीज़ लोग को हाथ मत लगाने दो."

मी हसलो. त्याच्याबरोबर हसलो.

ताईने पुन्हा लिहायला घेतलं. टिपणांची वही होती, पण वहीत नुसते शब्द आणि खुणा. सकाळी गाळ्यावर जायच्या आधी ती कागदावर लिहायची, संध्याकाळी मी टाइप करायचो. मीच म्हटलं होतं, मी करतो. मध्येच ती थांबायची. "हे आधी वेगळं लिहिलं होतं मी. चांगलं जमलं होतं. आता येत नाही." मी मान खाली घालून की दाबत राहायचो. आणि टाइप करताना कळत गेलं की हे टाइमपास नव्हतं. कॉलेजच्या तीन वर्षांत असं एक पानही मी लिहिलेलं नाही.

दहाव्या दिवशी ऋणनिर्देशाचं पान हातात आलं. राईच्या बायका, आई, आणि शेवटी: 'संगणकाचे सर्व ज्ञान मला ज्याने दिले, तो आमच्या घरातील पहिला पदवीधर, माझा धाकटा भाऊ.'

तिथे माझे हात थांबले.

"काय झालं? चुकलंय का काही?" ताई भाजी निवडत होती.

मी सगळं सांगितलं. डी मीच काढला, फोल्डर दिसला होता, उघडला नाही. ती देठ मोडत राहिली. म्हणाली, "एकदा विचारायचं होतंस." इतकंच. मला वाटलं सुटलो. पण अर्धवट सांगून आता चालणार नव्हतं. दुकानातलंही सांगितलं.

तेव्हा तिचे हात थांबले.

"माझं नाव सांगितलंस?"

"हो."

"आणि तो काय म्हणाला?"

तेही सांगितलं. मी हसलो तेही.

ती उठली, माझ्या पुढ्यातला कागद घेतला, पट्टी शोधली आणि ती ओळ पट्टी लावून खोडली. "आता बाकीचं टाइप कर," म्हणाली. "आणि प्रिंट-बाइंडिंग तो दुरुस्तीवालाही करतो, त्याच्याचकडे जायचंय. तू पण येतोयस."

बाराव्या दिवशी सकाळी गेलो. तीन गिऱ्हाइकं उभी होती. ताईने पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी म्हणालो, "भाई, वो डी ड्राइव्ह मैंने उड़ाया था. इन्होंने नहीं."

त्याने मान वर केली. "कौन सा डी ड्राइव्ह?"

तो विसरला होता. त्याच्याकडे रोज दहा डी ड्राइव्ह येत असतील. मग मला पहिल्यापासून सांगावं लागलं, तिन्ही गिऱ्हाइकांसमोर: लिनक्स टाकायला गेलो, बहिणीचं काम न बघता उडवलं, आणि वर इथे येऊन तिचं नाव घेतलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "पढ़ा-लिखा आदमी है, फिर भी?"

ताई आमच्याकडे बघत नव्हती. प्रिंटरमधून एकेक पान बाहेर येत होतं आणि ती ते दोन्ही हातांनी उचलून, शाई वाळेपर्यंत उलटं न करता, खाली ठेवत होती. ऋणनिर्देशाचं पान आलं. राईच्या बायका होत्या, आई होती. त्याखाली पान कोरं होतं.