कूकाचा कोबा

कूकाचं लग्न झालं ते अंगणात, आणि अंगण म्हणजे निव्वळ धूळ. मेक्सिकोतल्या सोनोराच्या वाळवंटात जून महिन्यात दुसरं असणार तरी काय? सान पेद्रोचा सण होता. अकॉर्डियनवाल्यानं सूर धरला, पाहुणे नाचायला उठले आणि घटकाभरात नवरा कुठला नि वऱ्हाडी कुठला ते ओळखू येईना. नवरीच्या पांढऱ्या झग्याचा घेर गुडघ्यापर्यंत तांबडा झाला. तेव्हा उबाल्दो, म्हणजे नवरदेव, तिच्या कानाशी लागून म्हणाला, "रडू नकोस. मी तुला असा कोबा करून देईन, की त्यावर पोळी टाकून खावी."

"रडतंय कोण? डोळ्यात धूळ गेलीय," कूका म्हणाली. पण शब्द तिनं पदरी बांधून ठेवला.

उबाल्दो होता गवंडी, आणि त्यातही कोब्याचा मिस्त्री. एल सावसीतो गावात देवळापासून दारूच्या गुत्त्यापर्यंत जमीन म्हणून जी काही गुळगुळीत आहे ती त्याच्याच थापीखालून गेलेली. आणि स्वतःच्या घरी? पिकअप उभी करायला त्यानं चार खांबांवर छप्पर घातलं, तीन बाजूंनी भिंती चढवल्या, त्याला गॅरेज असं नाव दिलं, पण खाली मात्र तीच लग्नातली धूळ. नाताळात बायका तिथं मक्याच्या पानांतल्या उकडी करायला बसत, तेव्हा पिठावर आधी फडकं टाकायचं आणि मग बोलायचं, अशी रीत पडली होती.

कूकानं विचारलं की मिस्त्रीकडे कारण तयार. यंदा वाळू चांगली नाही. वारा फार आहे. जमीन अजून बसलेली नाही.

"जमीन बसायची वाट बघता बघता मी बसले की रे म्हाताऱ्या," कूका म्हणायची. "माझ्या मागनं करणार आहेस का? मग थडग्यावरच कर, तिथं तरी गुळगुळीत पडू दे."

खरी गोष्ट निराळी होती, आणि ती कूकाला ठाऊक होती. लोकांच्या घरचा कोबा केला की मिस्त्री घरी येतो. पुढं त्याला तडा गेला तरी तो दुसऱ्याच्या दारात. आपल्या घरचा तडा रोज सकाळी कॉफी पिताना आपल्याकडे बघत बसणार. उबाल्दोला वाघाची भीती नव्हती, तड्याची होती.

दोघांचं आणखी एका गोष्टीवरून जन्मभर वाजलं. उबाल्दो म्हणे, कोबा हातानं होतो. कूका म्हणे, कोबा पाण्यानं होतो. तिलाही बोलायचा हक्क होता. तरणी असताना ती त्याच्याबरोबर कामावर जायची. पुरुष थाप्या धुऊन, पैसे घेऊन, बिअर प्यायला जात, आणि मागं आठवडाभर गोणपाटं भिजवत, उन्हात कोब्यावर पाणी मारत राहायची ती कूका. तिकडच्या उन्हात कोबा म्हणजे तान्हं मूल. पाजायला जरा उशीर झाला की तोंड वासतं, आणि वासलेलं तोंड परत मिटत नाही. पण गावात नाव झालं ते मिस्त्रीचं. पाणी मारणाऱ्या बाईचं नाव कुठं होतं?

होता होता लग्नाला पन्नास वर्षं भरत आली. उबाल्दोचे गुडघे तोवर कामातून गेले होते. देवळात गुडघे टेकले की दोघांनी धरून उठवावं लागे. एके दिवशी कॉफीचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, "म्हातारे, यंदा करू या. माझा हा शेवटचा. सान पेद्रोला आपण त्यावर नाचायचं."

कूकाच्या हातातली पोळी तव्यावरच करपली. "जूनमध्ये? एरवी जूनमध्ये कोबा घालणाऱ्याला तू गाढव म्हणतोस."

"मग आता गाढव म्हण."

"ते काय नवीन आहे?"

अशा तऱ्हेनं ठरलं. त्याचा तो शेवटचा, आणि तिचा पहिला नि एकुलता एक. तडा गेला, किंवा उन्हानं वरची साय भाजून भुकटी उडायला लागली, तर पुन्हा घालायला गुडघेही नव्हते आणि वर्षंही नव्हती.

मुलगा रामिरो अमेरिकेतल्या फिनिक्सहून आला. तो तिकडे गॅरेजचेच कोबे घालतो, बरोबर दोन दोस्त आणले. त्यांनी माती धुमसानं ठोकून घट्ट केली, खडी पसरली, सळयांची जाळी चार बोटं उचलून धरायला खाली दगडाचे तुकडे ठेवले. आदल्या संध्याकाळी कूकानं नळी घेतली आणि जमिनीला पोटभर पाणी पाजलं.

"आई, चिखल करतेस का?"

"तहानलेली जमीन तुझ्या काँक्रीटमधलं पाणी पिऊन टाकील, बाबा. पाहुणा येण्याआधी घरच्यांना जेवू घालावं, म्हणजे ते ताटाकडे बघत नाहीत."

दिवस उजाडायच्या आतच मिक्सर फिरायला लागला. पाण्यात बर्फाच्या लाद्या, उगवतीच्या बाजूला वाऱ्याला आडोसा म्हणून घरातल्या सगळ्या चादरी टांगलेल्या, आणि मधोमध उलट्या बादलीवर बसलेला उबाल्दो. एका दोस्तानं माल ढिला व्हावा म्हणून गुपचूप तांब्याभर पाणी ओतायला हात उचलला.

"ए! सूप करतोयस का?" उबाल्दो ओरडला. "जड जातंय तर बर्फ खा तू, पण त्याला पाजू नकोस!"

माल पसरला, फळीनं ओढला, दाराकडं उतार दिला, आणि वर आलेलं पाणी आपसूक जिरेपर्यंत सगळे हात बांधून उभे राहिले. मग मात्र उबाल्दो बादलीवरून उतरला. रामिरोनं पुढं केलेला हात त्यानं बाजूला सारला, एका फळीवर उशी टाकली, उशीवर गुडघे टेकले आणि थापी हातात घेतली. एकदा "आई गं" म्हणाला, त्यानंतर नाही. सगळा कोबा त्यानं मागं मागं सरकत घोटला. दोरी लावून सांधे पाडले, की जायचाच झाला तर तडा आखल्या वाटेनं जावा. दाराशी पोचला तेव्हा ऊन चटके द्यायला लागलं होतं आणि कोबा असा दिसत होता, जणू शांत पाण्याची चादर कुणी जमिनीवर उलगडून ठेवलीय.

त्याला तिघांनी उचलून खाटेवर नेलं. "बघितलंस ना?" जाता जाता तो म्हणाला. "हात!"

"बघितलं," कूका म्हणाली. "आता झोप. माझी पाळी."

"आई, फिनिक्सला आम्ही पाणी उडू नये म्हणून वरनं औषध फवारतो," रामिरो म्हणाला. "पाण्याच्या मागं कोण लागतं?"

"इथं औषध मी आहे."

कोबा बोटानं दबेनासा झाल्यावर तिनं गोणपाटं भिजवून पसरली. ती पुरेनात, म्हणून घरातल्या गोधड्या काढल्या. लग्नातली लाल फुलांची सुद्धा. सकाळ, दुपार, संध्याकाळ नळी हातात घेऊन ती कोब्याशी बोलत फिरायची: "पी बाळा. घाई नाही."

दोन दिवस झकास गेले. तिसरा दिवस सान हुआनचा. त्या दिवशी एकमेकांना पाणी ओतून भिजवायचं, आणि ज्याला भिजवलं त्यानं परतफेड केल्याशिवाय राहायचं नाही. नाहीतर वर्षभर त्याच्या दारी पाणी रुसतं, असं म्हातारीकोतारी सांगत आलेली. आणि नेमकी त्याच सकाळी गावच्या विहिरीवरची मोटार जळाली. नळाला फुस्स असा आवाज आला आणि थांबला. मेकॅनिक काबोर्काहून यायचा, तो संध्याकाळच्या आत काही येत नाही.

दुपार चढली. गोधड्या कडेनं वाळू लागल्या. कूकानं हात लावला तर तव्यावरच्या पोळीसारख्या गरम. तिच्या पिंपाच्या तळाशी पिण्यापुरतं पाणी उरलं होतं. गल्लीत सण असूनही चिडीचूप. जो तो आपापल्या बादल्या झाकून, दार लोटून बसलेला.

"शेजारी पाणी मागून बघ," खाटेवरून उबाल्दो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"असल्या दिवशी पाणी मागायचं? लोक वाटीभर देतील आणि वर्षभर सांगतील." ती उंबऱ्यावर बसून राहिली. मग एकदम उठली, पिंपातलं उरलेलं पाणी कळशीत घेतलं, हातात एक पेला घेतला आणि निघाली.

"अगं, प्यायचं पाणी घेऊन कुठं निघालीस?"

"सणाला!"

पहिलं दार तेंचाचं. तेंचा कूकाची कोमाद्रे, रामिरोची धर्माची आई, अंगानं भरदार आणि रागानं त्याहून. तिनं दार उघडलं, तशी कूकानं पेलाभर पाणी तिच्या डोक्यावर रिकामं केलं. "सान हुआनच्या शुभेच्छा, कोमाद्रे!"

"मेले! सकाळीच केस विंचरलेत मी!"

"मग वाळव," म्हणून कूका पुढच्या दारी. तिथं एक पेला. त्याच्या पुढं एक पेला. न्हाव्याला, पाववाल्याला, बाकावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांना, कुणाला सोडलं नाही. कळशी रिकामी झाली तशी झगा उचलून ती घराकडे पळत सुटली. त्या वयात बाई पळताना गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली. पळत येऊन ती गॅरेजमध्ये शिरली आणि गोधड्यांच्या बरोबर मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

पहिली तेंचाच आली, दोन्ही हातांत बादली धरून. तिनं सणाच्या रश्शासाठी मका चुन्यात शिजवला होता, त्याचं ते पाणी. "पेल्याला बादली!" असं म्हणून तिनं ती कूकाच्या अंगावर भिरकावली.

"चुन्याचं का गं? कोब्याला चालेल, मला नाही!"

"कोब्याला?" तेंचानं खाली बघितलं. मग वर बघितलं. मग ती जी हसायला लागली, ती भिंतीला टेकूनच. "अगं लबाडे! अरे या रे सगळे! हिला चांगली भिजवा! त्या कोपऱ्यात उभी करा, तो कोपरा कोरडा आहे!"

आले की सगळे. मघाशी वाटीभर पाणी जपणारे बादल्या घेऊन धावले, कारण मागितलेलं पाणी माणूस मोजून देतो, सूड मात्र कधी मोजून घेत नाही. न्हाव्याच्या दुकानातलं आलं, गुरांच्या डोणीतलं आलं. कूका या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत होती आणि बादल्या तिच्या मागं. "भिंतीकडं टाका!" तीच ओरडून सांगत होती. "दारापाशी कुणीच टाकलं नाही!"

सगळ्यात शेवटी भिंत धरत धरत उबाल्दो आला. त्याच्या हातात खाटेशेजारचा तांब्या, घरातलं शेवटचं गार पाणी. त्याला बघून सगळ्यांनी वाट दिली. तो हळूहळू तिच्यापाशी गेला आणि त्यानं तांब्या तिच्या डोक्यावर सावकाश ओतला.

"मला तर तू पेला मारला नव्हतास," तो म्हणाला.

"तुला काय कमी भिजवलंय जन्मभर?"

संध्याकाळी मोटार सुरू झाली. तोवर गोधड्यांतून पाणी निथळत होतं.

पाच दिवसांनी, सान पेद्रोच्या सकाळी गोधड्या उचलल्या. उबाल्दो भर उजेडात गुडघ्यांवर बसला, गाल जमिनीला लावून त्यानं आडव्या नजरेनं सगळा कोबा पाहिला, नखानं खरवडला, मुठीनं ठोकला. टणक आवाज आला. तडा कुठं नव्हता. पण मधोमध लग्नातल्या गोधडीच्या लाल फुलांनी रंग सोडला होता. करड्या कोब्यावर फिकट गुलाबी फुलांचा वाफाच.

"माझा आरशासारखा कोबा," उबाल्दो कण्हला. "गालिचा करून ठेवलास त्याचा."

"तुझं हाताचं, माझं पाण्याचं," कूका म्हणाली. "आता कळेल तरी कुणाचं काय ते."

रात्री अकॉर्डियन वाजलं. सगळी गल्ली आली, आणि एकूण एक जण येताना पाय पुसून आला. कूका पांढरा झगा घालून नाचली. उबाल्दो फार हलला नाही, फुलांवर उभा राहून तिला धरून नुसता डुलत होता. तेंचानं खरोखरच एक पोळी जमिनीवर टाकली, उचलली आणि खाल्ली. "मीठ कमी आहे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कूका उशिरा उठली. बाहेर नळीचा आवाज येत होता. बघते तर उबाल्दो बादलीवर बसून कोब्यावर पाणी मारतोय.

"अरे, आता पुरे. पिऊन झालं त्याचं."

"मला माहीत आहे," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "तुला कॉफी ओतून ठेवलीय. ती पी, आणि मला माझं काम करू दे."